गोणपाटाआडची बदकं

मरोळ गावठाणातली मार्सेलिना देवाला जितकी भ्यायची, त्याहून जास्त लोकांच्या नजरेला. नात पर्लच्या फर्स्ट कम्युनियनला, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या सणाला, घरी कुटलेल्या बाटली मसाल्यातलं बदक झालंच पाहिजे, म्हणून तिने वसईहून बदकं आणवली आणि सरळ कोंबड्यांच्या खुराड्यात सोडली. सणाची पाखरं आधी कोणाच्या नजरेस पडू नयेत, ही तिच्या सासूची शिकवण. त्या शिकवणीला जागून तिने जाळीला चहूबाजूंनी गोणपाट बांधलं. बदकांना पाणी लागतं म्हणून आत मोठं घमेलंही भरून ठेवलं. काळजी करावी तर मार्सेलिनानेच!

आठवडा उलटला नाही तोच कोंबड्या शिंकायला लागल्या. एक तर मान टाकूनच बसली. बर्ड फ्लू! हा शब्द मार्सेलिना मनातसुद्धा हळूच बोलली. बाहेर कळलं की सरकारी गाडी येणार, सगळी पाखरं पोत्यात भरून नेणार, जेवणाची वाट लागणार.

तिने पर्लला जवळ ओढून बजावलं, “कोंबड्या शिंकतात ते कोणाला सांगायचं नाय हां. आजोबांना पण नाय. नायतर तुझ्या चिमीला घेऊन जातील.”

चिमी ही पर्लची लाडकी कोंबडी. शाळेतून आली की पोरगी खुराड्यात शिरायची आणि तिला मांडीवर घेऊन गप्पा मारत बसायची. मार्सेलिनाला ते रोज दिसत होतं. पण तिचं सगळं ध्यान बदकांवर.

मग एका सकाळी पर्ल उशीत तोंड खुपसून खोकताना दिसली. आवाज बाहेर येऊ नये म्हणून पोर उशी दाबून धरत होती. मार्सेलिनाची पाचावर धारण बसली. जेवण गेलं चुलीत! तिने नवऱ्याला, इग्नेशियसला, सगळं सांगून टाकलं. एरवी शब्दाला शब्द वाढवणारा तो माणूस शर्ट चढवून तडक जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आला.

डॉक्टर श्वेतांनी खुराड्याचं दार उघडलं आणि ओढणी नाकाला लावली.

“अहो, डोळे झोंबतायत माझे! बदकं पाणी उडवणारच. खालचा भुसा भिजला, त्यात घाण कुजतेय आणि वारा तुम्ही बंद केलाय. त्या उग्र वाफेनेच शिंकत असणार या. कोंबडीला कोरडं लागतं. बदकं वेगळी करा, पाणी बाहेर ठेवा. हे गोणपाट काढा आधी.”

“म्हणजे तो फ्लू नाय?” मार्सेलिनाने विचारलं.

“तसं वाटत नाही, पण नमुना तपासायला पाठवते. तोवर एकही पाखरू कापायचं नाही. इथे आत कोणी बसतं का?”

मार्सेलिना गोणपाटाच्या गाठी सोडायला लागली.

“आमची पर्ल,” इग्नेशियस म्हणाला.

“मग तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.”

रिक्षात मार्सेलिनाने नातीला घट्ट धरलं होतं. पोरीचा श्वास छातीत घरघरत होता, आणि इतके दिवस आपण बदकांची राखण करत बसलो, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पर्लच्या छातीला नळी लावली. “बाळा, हा खोकला कधीपासून आहे?”

पर्लने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग आधी मार्सेलिनाकडे बघून तिने हळूच विचारलं, “ग्रॅनी, सांगू?”