बुधवारचं चीज

आम्हा आर्मेनियनांचा, संत सार्गिसच्या उपासाचा आठवडा आला की माझा मुलगा वाराझ कुरकुरायला लागतो. बाहेर तो स्वतःला वासिलीस असं ग्रीक नावानं म्हणवतो. आर्मेनियन नावाला फौजेत बढती मिळत नाही, ही त्याची समजूत. सम्राटाचं अर्धं घोडदळ आमच्याच लोकांचं आहे, हे त्याला कोण सांगणार!

यंदा तर त्यानं कहर केला. लग्नाच्या बोलणीसाठी आनाच्या आईला, एव्प्राक्सियाबाईंना, नेमकं बुधवारीच बोलावलं.

"अरे, पुढच्या आठवड्यात बोलव की!"

"मुद्दामच बोलावलंय, आई. आर्मेनियनांचा उपास मानत नाही हे दाखवायला ग्रीक लोक या बुधवारी चीज खातात. तू त्यांच्यासमोर एक तुकडा खा, की संशय संपला."

"कसला संशय?"

"मी त्यांना सांगितलंय, आपण केव्हाच आपलं चर्च सोडून त्यांच्या चर्चमध्ये आलो म्हणून."

माझ्या आजोबांना सम्राटाच्या हुकमानं उचलून इथं अॅड्रियानोपलला आणून वसवलं. जमीन गेली, गाव गेलं, उपास तेवढा बरोबर आला. पहाटेची स्तोत्रं आणि हा उपास, एवढंच काय ते माझं. पण मुलाचं लग्नही माझंच ना! आना गुणाची पोर. बाजारात भेटली की न सांगता माझी टोपली उचलते. त्या सकाळी स्तोत्रं म्हणताना मी सारखी ओळी चुकत होते.

एव्प्राक्सियाबाई चीज भरलेल्या गरम पोळ्या घेऊनच आल्या. वाराझ तुटून पडला. माझ्या ताटातली पोळी तशीच निवत होती.

"घ्या ना, शहांदुख्तबाई," त्या म्हणाल्या. "आज त्या आर्मेनियनांचं म्हणे कुत्र्याचं सुतक असतं. कुठलंसं कुत्रं मेलं, म्हणून उपाशी बसतात!"

त्या हसल्या. ते मी सोसलं असतं, ऐकून ऐकून कान किटलेत. पण वाराझ त्यांच्याहून मोठ्यानं हसला. मांडीवर थापा मारून!

मी ताट हळूच सरकवलं. "कुत्र्याचं नाही हो. संताचा उपास आहे. मी लहानपणापासून धरते. आम्ही तुमच्या चर्चमध्ये आलेलो नाही. मुलगा खोटं बोलला."

"आई!" वाराझच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

एव्प्राक्सियाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्या तुपकट हातांकडे.

"तुमचा उपास मला पटत नाही, स्पष्टच सांगते," त्या म्हणाल्या. "पण आई समोर उपाशी बसलीय हे ठाऊक असून हा दात काढतो? माझी आना चाळीस दिवसांचा मोठा उपास धरते. उद्या तिच्या ताटालाही हा असाच हसणार. नको रे बाबा. मुलगी देत नाही मी."

त्या उठल्या. दारात माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाही हं." मग गेल्या.

मी जागेवर येऊन बसले. टोपली उचलणारी सून गेली ती गेलीच. वाराझ पोळ्यांकडे बघत बसला होता. मग पुटपुटला, "आई, मी धरू का आजपासून उपास? त्यांना कळवता येईल."

"आधी तोंड पूस," मी म्हणाले.