चंदेरीचा अंतरपाट

सरिताबाईंना मुलाचं लग्न लावायचं होतं की नुसते फोटो काढायचे होते, हे बयाबाईंना काही उमगेना. हळदीला त्यांनी फोटोपायी सगळ्या म्हाताऱ्यांना उन्हात बसवलं. आता औरंगाबाद रोडच्या लॉन्सवर अंतरपाटही त्यांनीच आणलेला, अस्सल चंदेरी रेशमाचा. इतका तलम, की पलीकडचा भटजी पान चघळतोय तेसुद्धा दिसावं.

"सरिताबाई, याची वढणी करा, देवाला वस्त्र करा," बयाबाई म्हणाल्या. "पण अंतरपाट? यातनं समदा मांडव दिसतोय!"

"तीच तर गंमत आहे, आजी. एकाच फोटोत दोघांचे चेहरे येतात."

"मग मधी धरता कशाला? हाताला काम नाय म्हणून?"

नवनाथने, त्यांच्या लेकाने, डोळ्यांनीच दटावलं. मुलीचा बाप तो. पण बयाबाईंचं खरं दुखणं निराळंच होतं. नवरदेव रोहित अंबडला कंपनीत इंजिनिअर. दिसायला देखणा, पण निफाडला दोनदा घरी येऊन हो-नाहीपलीकडे बोलला नव्हता. पोरगं मशीनसारखं कोरडं निघालं तर उज्वलाचं कसं व्हायचं? नातीला विचारावं तर ती नुसती लाजायची, आणि लाजण्यावर बयाबाईंचा काडीचा विश्वास नव्हता.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि चंदेरीपलीकडे रोहितच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मुंडावळ्या भिजल्या, नाक लालबुंद. अलीकडून उज्वला टक लावून बघतेय. फोटोवाला तर हरखूनच गेला.

पाहुण्यांत खसखस पिकली. सरिताबाई कानकोंड्या झाल्या. "धूर गेला असेल डोळ्यांत."

"होम अजून पेटायचाय," बयाबाई म्हणाल्या.

सरिताबाई भटजींवर ओरडल्या, "गुरुजी, दुमडा तो पाट! दुहेरी करा, चौपदरी करा! आणि अहो, ते फोटो बंद करा आधी!"

भटजी दुमडायला लागले तशा बयाबाई ताडकन उठल्या आणि त्यांनी कापडाचा काठ घट्ट धरला.

"हात लावायचा नाय, सरिताबाई. तुमचं कापड अंतरपाटाच्या लायकीचं नाय ते नायच. पण तुमचं पोरगं मला पसंत हाय. त्याचं नाक पुसा, आन् लग्न लागू द्या."