टाकीतलं चांदणं

आमच्या घरात माणसांपेक्षा माशांचे लाड जास्त, हे मी लग्न झाल्यापासून म्हणत आले आहे. हॉलमधली सगळ्यात चांगली जागा त्यांच्या काचेच्या टाकीला आणि माझं शिलाई मशीन दाराआड. त्यामुळे एका सकाळी आमच्या ह्यांनी चहा पिता पिता जाहीर केलं, की माशांसाठी टाकीत चांदणं बसवायचंय, तेव्हा मी कप आदळलाच.

“दिवसाची सोय झाली, आता चांदणं! पुढच्या महिन्यात गाद्या-उशा शिवू का त्यांना?”

“अगं, टाकीतला दिवा फटकन बंद झाला की बावरतात ते. काचेवर धडकतात. मंद निळा उजेड राहिला की शांत होतात.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि तो आपोआप लागायला हवा. बटणाचा आवाज नको.”

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

ह्यांची सगळी हयात मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करण्यात गेली. आणि आता नजर जात जात नुसत्या उजेड-अंधारावर आली होती. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, उजेड कळतोय तोवर ऑपरेशनला अर्थ आहे, तोही कळेनासा झाला तर उपयोग नाही. ऑपरेशनची तारीख जवळ आली होती आणि ह्यांना स्वतःच्याच डोळ्यांचा भरवसा वाटत नव्हता. “बटण खट् वाजलं की मला उजेड दिसल्यासारखं होतं,” एकदा म्हणाले होते. “पण खरंच दिसतो, की नुसता वाटतो, कोण जाणे.” म्हणून हे चांदणं. ते गुपचूप लागणार आणि हे स्वतःहून म्हणणार, ‘पडलं!’ मासे आपले निमित्ताला.

मग काय, मशीनवरचे ब्लाउज तसेच टाकून मी हाताखालची पोरगी झाले. निळ्या दिव्यांची पट्टी आणली, अ‍ॅडाप्टर आणला, अंधार पडला की दिवा लावणारा इवलासा सेन्सर आणला. दुकानदार त्याला ‘डोळा’ म्हणत होता. “बघा, डोळा बाजारात मिळतो,” मी म्हटलं, आणि जीभ चावली. हे मात्र हसले.

डोळे माझे, हात ह्यांचे. “लाल कुठली?” “ही.” “काळी?” “ही घ्या, आणि माझं बोट सोडा, ते वायर नाही.” सोल्डरिंगच्या धुराने माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ह्यांची बोटं तारांवरून अशी फिरत होती, जशी कधी माझ्या केसांतूनही फिरली नव्हती. काम झाल्यावर त्यांनी सवयीने सगळ्या जोडांवरून हाताची उलटी बाजू फिरवली. ह्यांच्या दुरुस्तीच्या दुकानातही असंच. पंखा गरगर फिरत असला तरी हे मोटारीला हात लावून बघणार. गिऱ्हाईक वैतागायचं. हे म्हणायचे, “चालू वस्तू उबदार लागते. मला तेवढं बघू दे.”

संध्याकाळ झाली. टाकीतला पांढरा दिवा मी आधीच बंद केला. आम्ही दोघं समोर बसलो. खिडकीतला उजेड हळूहळू ओसरला, आणि टाकीत चांदणं पडलं.

काय सांगू! पाणी आतून निळं झालं. दिवसभर गस्त घालणारा आमचा इन्स्पेक्टर, म्हणजे टाकीतला सगळ्यात थोराड मासा, दगडाआड जाऊन निवांत थांबला. ह्यांच्या कपाळावर, पांढऱ्या मिशीवर निळा उजेड पडला होता. उघड्या डोळ्यांतही तो दिसत होता. बोलायचं त्यांनी होतं.

खिडकीबाहेर पुरता अंधार झाला.

“बाहेर अजून उजेड आहे का गं?”

“नाही. अंधार पडलाय.”

“मग लागायला हवं होतं.” त्यांनी मान माझ्याकडे वळवली. “लागलं नाही ना?”

‘लागलं का’ नव्हे, ‘लागलं नाही ना’. आपल्या कामात कोणी खोट काढली तर जेवण टाकणारा हा माणूस, आपलं काम बिघडलेलं असू दे म्हणून माझ्या तोंडाकडे कान लावून बसला होता.

“नाही लागलं,” मी म्हटलं. “लागेल कसं? तार सुटली असणार कुठेतरी. घाई किती तुम्हाला!”

“मला घाई? तारा तू धरल्या होत्यास!” आणि ते हसले. मोठ्याने, पोटभर. कित्येक महिन्यांत असे हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही चांगले जोड उकलून पुन्हा जोडले. संध्याकाळी चांदणं पडलं. “लागलं नाही ना?” “नाही.” त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी निर्ढावले. खोटं बोलता बोलता त्यांच्यावर डाफरायचेसुद्धा, म्हणजे खरं वाटावं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळीही चांदणं पडलं, आणि मी नाही म्हटलं.

“प्लग सैल असेल,” असं म्हणत ते खाली वाकले. टाकीखालच्या फळीवर चाचपडत त्यांचा हात अ‍ॅडाप्टरपर्यंत गेला. मी पुढे झाले, पण उशीर झाला होता. हाताची उलटी बाजू अ‍ॅडाप्टरवर टेकली आणि तिथेच थांबली. इतकी वर्षं ह्या माणसाशी संसार केला आणि नेमकं हेच कसं विसरले मी?

हात बराच वेळ तिथे होता. मग ते सावकाश उठले, माझ्या शेजारी येऊन बसले आणि चाचपून माझा हात धरला. त्यांचा हात उबदार होता.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “तारच सुटली असणार. आता नको उकलायला.”

मला हुंदका आवरेना. तोंडावर पदर दाबून धरला, तरी त्यांना कळायचं ते कळलंच. त्यांनी माझा हात थोपटला, आणि टाकीच्या बाजूला तोंड करून विचारलं, “मासे शांत झाले का गं?”

“झाले,” मी म्हटलं.