मेंदी लावलेला सुलतान

मित्रांनो, माझं वय विचारू नका. डाव्या पायातलं तांब्याचं कडं झिजून कागदासारखं झालंय, एवढ्यावरून काय ते समजा. मी कैरोच्या एका गच्चीवरची म्हातारी कबुतरी आहे, आणि एका चोरीत माझाही वाटा आहे. चोरी मालकाने केली खरी, पण त्याच्या हातात तेव्हा मीच होते.

माझा जन्म बय्यूमी नळवाल्याच्या घरचा. जुन्या दारांच्या फळ्या जोडून त्याने गच्चीवर आमच्यासाठी निळा मनोरा उभारला होता. माणूस जिवाला जीव देणारा. लोकांच्या मोऱ्या तुंबून वाहायच्या आणि हा इकडे एखाद्याचा मोडलेला पंख बांधत बसायचा. त्याची बायको तहिय्या म्हणायची, "मलाही पंख फुटले असते तर निदान तब्येत तरी विचारली असतीत!"

संध्याकाळी सगळ्या गच्च्यांवरून थवे उडाले की बय्यूमी मला पायांना धरून हवेत फडफडवायचा. मी दिसायला छान होते, उगाच लाजू कशाला? परके नर भुलून खाली उतरायचे. पण आमच्या गल्लीत करार होता. दोस्ताचं पाखरू उतरलं तर त्याच संध्याकाळी परत नेऊन द्यायचं.

समोरच्या गच्चीवर फरगलीकाका राहत. बय्यूमीला शीळ घालायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचा सुलतान म्हणजे पांढराशुभ्र नर. तो पुढे असला की मागची चाळीस पाखरं शिस्तीत घरी यायची, नसला की वाट फुटेल तिकडे जायची.

त्या वर्षी गच्च्यांचे जुने शेख, म्हणजे सगळ्या कबुतरवाल्यांचे म्होरके, वारले. भांडणं सोडवणारा नवा शेख शुक्रवारी थव्यांची उड्डाणं पाहून निवडायचा होता. फरगलीकाकांचं नाव जवळजवळ ठरलेलंच. तेवढ्यात कॉफीच्या दुकानात कुणीतरी बय्यूमीची फिरकी घेतली, "शेख म्हणून तूही शोभशील रे, मिशी तेवढी वाढव!" सगळे हसले. बय्यूमीने मात्र त्याच दिवशी मिशी वाढवायला घेतली.

आणि बुधवारी सुलतान माझ्यावर भाळून खाली उतरला.

बय्यूमीने त्याला पकडलं, समोरच्या गच्चीकडे पाहिलं आणि शर्टाखाली लपवलं. तहिय्याने जिन्यातच अडवलं.

"अहो, हा तर काकांचा!"

"शुक्रवार झाला की देऊन टाकू."

"मग आज काय हात दुखतोय?"

"तुला राजकारण कळत नाही," असं म्हणून त्याने लेकीच्या लग्नासाठी आणलेली मेंदी घेतली आणि सुलतानाला शेपटीपर्यंत माखलं. धुतल्यावर तो गाजरासारखा निघाला. असा पक्षी अख्ख्या मिसर देशात कुणी पाहिला नसेल! त्याला माझ्याच खणात ठेवलं. मी मान वळवून अंग चोरलं असेल म्हणता? छे हो! मी खूश होते. चाळीस पाखरांचा राजा माझ्या शेजारी, अजून काय हवं होतं?

शुक्रवारी फरगलीकाकांचा थवा भरकटला. बय्यूमी शेख झाला.

पहिलीच तक्रार घेऊन काका कॉफीच्या दुकानात आले. "बय्यूमी, माझा सुलतान गेला रे. आता तू शेख आहेस, तूच शोध."

बय्यूमीच्या तोंडचं पाणी पळालं. संशय येऊ नये म्हणून तो टेबलावर मूठ आपटून ओरडला, "ज्याने करार मोडला, त्याने आपला मनोरा आपल्या हाताने उतरवायचा! पुन्हा पाखरू पाळायचं नाही!"

"वा शेख! याला म्हणतात न्याय!" सगळे म्हणाले. शेख घाम पुसत घरी आला.

मग त्याला घास म्हणून गोड लागेना. तहिय्याने बाजारातलं कबूतर हिरवा गहू भरून रांधलं, तर ताटाकडे बघून हा किंचाळला, "हा कोण?" दूधवाल्याने वर पाहिलं म्हणून त्याच्याशी भांडला. कुणाला आत डोकावता येऊ नये म्हणून मनोरा आणखी उंच केला. ज्या माणसाने मला कधी 'अगं' सोडून हाक मारली नव्हती, त्याने एका सकाळी मला शिवी दिली. मला फार वाईट वाटलं. पण मी तरी कोणत्या तोंडाने रागावणार?

शेवटी त्याने सुलतानाला उडवून लावलं. सुलतान एक घिरटी घालून माझ्यापाशी परत आला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी शेखसाहेबांनी हात जोडले, "जा ना रे बाबा! तुझ्या पाया पडतो, जा!" सुलतान घुमत माझ्या आणखी जवळ सरकला.

तहिय्या म्हणाली, "तो एकटा नाही जायचा. हिलाही न्यावं लागेल."

बय्यूमी माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने आम्हा दोघांना उचललं आणि भर दुपारी, काही न झाकता, कॉफीच्या दुकानासमोरून चालत निघाला. हातातले फासे तसेच धरून माणसं बघत राहिली.

काकांनी दार उघडलं.

"काका, चोर मीच."

काकांनी त्या गाजरी पक्ष्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. "पांढरा होता रे हा," एवढंच म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. बय्यूमी पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला.

मनोरा त्याने स्वतः उतरवला. "राहू दे रे," काका म्हणाले. "निकाल माझाच आहे, काका," असं म्हणत त्याने शेवटची फळीही काढली. शेखपद सोडलं, मिशीही काढली.

मित्रांनो, तुमच्या गच्चीवर परकं पाखरू उतरलं तर त्याला पाणी द्या, दाणे द्या, आणि ज्याचं असेल त्याच्याकडे त्याच दिवशी पोचवा. ठेवून घेतलं असेल, तर शरमेने तोंड लाल झालं तरी चालेल, पण नेऊन द्या.

आता मी काकांच्या गच्चीवर असते. पिसं झडली आणि सुलतान पुन्हा पांढरा झाला. बय्यूमी मात्र काकांच्या घराची पायरी चढेना. रोज संध्याकाळी खाली गल्लीत उभा राहून आमच्याकडे बघायचा. काकांनी बोलावलं की म्हणायचा, "नको काका, इथूनच बरं दिसतं."

एकदा आमचा थवा फार छान वळला आणि न राहवून त्याने शीळ घातली. मी सरळ त्याच्या खांद्यावर जाऊन बसले. मागोमाग सुलतान दुसऱ्या खांद्यावर.

वरून काका गरजले, "अरे, माझी पाखरं उतरवलीस काय? करार विसरलास? आत्ताच्या आत्ता वर आणून दे!"

बय्यूमीने डोळे पुसले आणि आम्हा दोघांना सांभाळत हळूहळू जिना चढू लागला.