मॅग्नेशियम नसलेली नळी

हत्तुरे सरांनी आरएनएचे पट्टे दाखवणारा जेलचा फोटो श्रीदेवीपुढं आपटला.

"मॅग्नेशियम न घातलेल्या नळीतही तुकडा सुटलाय. म्हणे आरएनए स्वतःच स्वतःला कापतो! कापणारं कुठलं तरी प्रथिन घुसलंय त्यात. तुझ्या प्रबंधाचं हे प्रकरण उद्या समितीपुढं जाणार नाही."

"सर, प्रथिनं मी दोनदा काढली..."

"पुरे. चार वर्षं तुला हात धुवायला शिकवण्यात गेली."

प्रयोगशाळेत येऊन तिनं ड्रॉवर असा लोटला, की फरशी पुसणाऱ्या शिवबाई मावशी दचकल्या.

"काय झालं ताई?"

"कीर्तनात बुवा बोलता बोलता आडवाटेला जातात ना? मग तेवढं आपणच सोडून मूळ आख्यानाला येतात. कुणी हात धरून आणत नाही. हा आरएनए तसाच. स्वतःची घडी घालतो, त्या घडीत ग्वानोसिनचा एक कण बसवून मधल्या तुकड्याला काप देतो आणि उरलेली दोन टोकं जोडून टाकतो. घडी बसायला फक्त मॅग्नेशियम लागतं. क्षार असतो तो. पण माझा तर त्याच्याविनाच कापला गेला. म्हणून मी गबाळी!"

"किटलीत पांढरं बसतंय, तसला क्षार व्हय?"

"तसलाच. बोअरच्या पाण्यातला."

मावशींच्या हातातलं फडकं थांबलं.

"ताई, डिस्टिलचं मशीन दोन दिस बंद हाय की. तुमचं काम अडू नये म्हणून क्यान मीच बोअरवर भरला. चांगला गाळून."

श्रीदेवी ताडकन उठली. तोंडाशी आलेले शब्द बाहेर पडणार, तोच कॅनवरची चिठ्ठी दिसली. 'पाणी तपासले', तारीख आणि खाली सही. घाईत, न तपासता केलेली. तिचीच.

रसायनशास्त्र विभागातून शुद्ध पाणी आणून तिनं सगळं नव्यानं कालवलं. चार वाजता नवा फोटो सरांच्या टेबलावर ठेवला. मॅग्नेशियम असलेल्या नळीत तुकडा सुटला होता; नसलेल्या नळीत आरएनए अखंड होता.

आधीच्या कॅनमध्ये बोअरचं पाणी होतं, हेही तिनं सांगितलं.

"बोअरचं पाणी कुणी भरलं? फरशी पुसणाऱ्या त्या बाईनंच ना? तिला उद्यापासून..."

"कॅनवर सही माझी आहे, सर."

"मग प्रबंधात तसंच लिहावं लागेल. तुझी चूक म्हणून."

"लिहिते."

ती परतली तेव्हा मावशी दाराशी मान खाली घालून उभ्या होत्या. श्रीदेवीच्या हातातला राग अजून उतरला नव्हता. तिनं कॅन उचलला आणि मावशींच्या बादलीत धबाधबा उपडा केला.

"फरशी अर्धीच राहिलीय की तुमची."