लिंबाजीमामांनी पारखलेली पेटी

पेडगावची टोळी ऊसतोडीला निघायच्या आधी मुकादम वैजीनाथने परभणीच्या दुकानातून दोन वाद्यं पसंतीवर आणली. एक घडीची पेटी, मिटली की सुटकेस होणारी. दुसरा सेलवर चालणारा जपानी कीबोर्ड. फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढं, होणाऱ्या भजनाला एक ठेवायचं, दुसरं परत द्यायचं.

टोळीत वाजवता फक्त सुग्रीवला येत होतं, त्यामुळे त्याला कुणी विचारलं नाही. पारखायला बोलावलं लिंबाजीमामांना. मामांनी जन्मभर बैल सोडून काही पारखलं नव्हतं. पण ज्याला बैल कळतो त्याला बाकीचं आपोआप कळतं, असा गावाचा समज होता. त्यातून ते सुग्रीवचे सासरे. म्हणजे त्याचं तोंड लग्नातच शिवलेलं.

मामांनी पेटीच्या पाठीवर थाप मारली, पट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"दात लय हायेत. पण मधले किडलेत."

"काळ्या पट्ट्या हायेत त्या, मामा."

"किडल्यावर काळंच पडतंय." मामा कीबोर्डकडे वळले. "ह्याचे दुधाचे दात. वासरू हाय. खातंय काय?"

"सेल," वैजीनाथ म्हणाला.

"खाऊ द्या. अंगानं हलकं हाय, गाडीला वझं न्हाई. हेच ठिवा."

सुग्रीवने आपल्या बोटांकडे पाहिलं. कोयता धरून त्याची बोटं अशी जाड झाली होती, की कीबोर्डच्या बारक्या पट्ट्यांवर एक बोट ठेवलं तर दोन सूर उठायचे आणि आपसात भांडायचे. हंगामभर नवराबायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे तो हिशेबात अर्धा कोयता. भजनापुरताच काय तो सुग्रीव असायचा. तेही जायला लागलं, तेव्हा तो मामांच्याच भाषेत बोलला.

"मामा, हलकं हाय म्हणूनच मोडंल. पेटी सागवानी हाय. मिटली की वर माणूस बसला तरी काय व्हत न्हाई!"

मामा बसले. पेटी कुरकुरलीसुद्धा नाही. मामांनी गुडघे चोळले आणि चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"हीच ठिवा."

आनंदाच्या भरात सुग्रीवने स्वतःच कीबोर्ड खोक्यात भरला.

गाडीत मामा पेटीवर बसले. कोपीवर उतरल्यावर चुलीजवळ पेटीवर बसले. अंधार पडला, टाळ निघाले.

"सुग्रीव, काढ की पेटी," वैजीनाथ म्हणाला.

"काढ की," मामा पेटीवरूनच म्हणाले. "लाजायलाय कशाला?"

जावयानं सासऱ्याला ऊठ कसं म्हणावं? सुग्रीवने बायकोकडे पाहिलं. छबूबाई बापाला म्हणाली, "दादा, जरा उठता का?"

"उठतो की. हात द्या."

दोघांनी ओढलं. मामा अर्धे उठले, गुडघ्यांतून कडकड आवाज आला, मामा परत बसले. पेटीतून 'हूं' असा सूर निघाला.

"आवाज बी चांगला हाय," मामा म्हणाले.

भजन पेटीविना सुरू झालं. शेजारच्या झरीच्या टोळीतली माणसं ऐकायला आली. त्यांतल्या सुलाबाईने पेटीवरून हात फिरवला.

"चांगलं बाकडं हाय. कुठनं आणलं?"

"परभणीहून. आमच्या जावयानं निवडलंय." मामांचा ऊर भरून आला होता.

सुग्रीव टाळ्या वाजवत राहिला. त्याच्या जाड बोटांच्या टाळ्या मात्र सगळ्यांत मोठ्या वाजत होत्या, आणि वैजीनाथने तसं कौतुकही केलं.

"मामा, सरकता का जरा?" सुलाबाई म्हणाली. "मी बी टेकते."

मामा सरकले.