फोटोपुरता कोट

मी कोट बोलतोय. निळा, दोन बटणांचा, नारायण पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत खिळ्याला टांगलेला. तुमच्या ओळखीतल्या निदान दहा जणांच्या प्रोफाइल फोटोत मी आहे. कुणी बँकेत, कुणी विम्यात, कुणी नुसताच 'फाउंडर'. मुंडकं त्यांचं, बाकी सगळा मी.

मला शिवून घेतलं स्टुडिओच्या मालकांनी, शरच्चंद्रांनी, मुलासाठी. आमोद इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, कॉलेजात कंपन्या येणार होत्या. त्याला न विचारता बापाने त्याचा जुना शर्ट मापाला म्हणून शिंप्याकडे नेऊन टाकला. मी ढगळ झालो. आमोदने मला एकदा आरशासमोर घातलं, नीट घडी करून खुर्चीत ठेवलं, आणि त्या महिन्यात कॉलेजही सोडलं, घरही. तेव्हापासून शरच्चंद्र सांगतात, मुलगा बाहेर असतो. बाहेर म्हणजे कुठे, असं कुणी विचारलं की ते लेन्स पुसायला घेतात.

कोट आमोदसाठी राखून ठेवलाय म्हणायचं आणि रोज पंधरा परक्या पाठींवर चढवायचा, हा त्यांचा हिशोब मला कधी कळला नाही. मोठ्या माणसांचं असंच असतं. त्यांना सोडवत नाही आणि सांभाळताही येत नाही.

काम एकच. माणूस येतो, मला अंगात घालतो. शरच्चंद्र मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून मला आवळतात, म्हणजे समोरून मी प्रत्येकाला मापात बसतो. "हनुवटी खाली. आत्मविश्वास आणा. एवढा नको, निवडणुकीचा फोटो नाहीये." फ्लॅश पडतो. तीन मिनिटांत मी परत खिळ्यावर. माझ्या खिशात कधी कुणी गाडीची किल्ली टाकली नाही. इतक्या वर्षांत मी स्टुडिओच्या तीन पायऱ्याही उतरलो नव्हतो.

मला बाहेर जायचं होतं. फोटो काढून ही माणसं ज्या खोल्यांमध्ये जातात, मी अमुक, माझं काम तमुक असं सांगतात, तिथे कुणाच्या तरी खांद्यावर बसून जायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

मग तनुजा आली. वाघोलीची, तेवीस वर्षांची. तिनेही कॉलेज सोडलेलं, त्यामुळे मला ती लगेच आवडली. पहाटे मार्केट यार्डातून भाजी उचलायची, गावातल्या अकरा बायकांकडून निवडून, धुऊन, चिरून घ्यायची आणि हॉस्टेलच्या मेसला पोचवायची, हा तिचा धंदा. खराडीतल्या एका मोठ्या कंपनीच्या कॅन्टीनचं काम मिळायची शक्यता होती. त्यांनी प्रोफाइल मागितलं, म्हणून फोटो.

चिमटे लावून घेताना तिने सगळं पद्मजाबाईंना सांगितलं. पद्मजाबाई म्हणजे शरच्चंद्रांच्या पत्नी, गल्ल्यावर त्याच बसतात. तनुजाचे वडील दत्तोबा जमीन विकून मोकळे झालेले. दर वाढदिवसाला चौकात त्यांचा फ्लेक्स लागतो. खाली पुतणे, भाचे, कुठलाही सोम्यागोम्या हात जोडून उभा. तनुजा त्यावर कधीच नसते. धंदा तिचा, पण गावात सगळे म्हणतात, दत्तोबांची भाजीची गाडी. कंपनीचा फोन आला तर ते म्हणाले, तू मागं बस, बोलायचं मी बघतो.

"मला एकदा माझ्या तोंडाने सांगायचंय, काकू," ती म्हणाली. "एवढंच."

मीटिंग गुरुवारी दोन वाजता होती. तिने शरच्चंद्रांना विचारलं, कोट एका दिवसासाठी मिळेल का. ते म्हणाले, हा स्टुडिओ आहे, लग्नाचे कपडे भाड्याने देणारं दुकान पुढच्या चौकात. ती निघाली, तेव्हा गल्ल्यावरून पद्मजाबाईंनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

गुरुवारी एक वाजता शटर अर्धं खाली आलं, शरच्चंद्र जेवून आडवे झाले. त्याबरोबर पद्मजाबाईंनी मला खिळ्यावरून काढलं आणि बाहेर स्कूटरवर बसलेल्या तनुजाच्या हातात दिलं. चारच्या आत आण, इतकंच म्हणाल्या.

तिने मला अंगात घातलं आणि स्कूटर सोडली. माझ्यात वारा शिरला. चिमटा एकही नव्हता. बंडगार्डनच्या पुलावर मी मागून असा फुगलो की मला वाटलं, कोट असणं म्हणजे हेच असणार.

कंपनीच्या लॉबीत दत्तोबा आधीच येऊन बसले होते, पांढरे कडक कपडे घालून. मुलीला बघून म्हणाले, "कोट कुणाचा? बँडवाल्याचा हाय का?"

आठव्या मजल्यावर टेबलापलीकडे तिघं जण होते. मधले साहेब पन्नाशीचे. त्यांनी आधी फोटोकडे बघितलं, मग तिच्याकडे. म्हणाले, फोटोत वेगळ्या दिसता. तनुजाने कुठल्यातरी व्हिडिओवरून पाठ केलेली ओळख सुरू केली, नमस्कार, मी एक पॅशनेट उद्योजिका, आणि तिथेच अडकली. माझ्या बाह्या तिच्या बोटांच्या टोकापर्यंत आल्या होत्या. साहेबांनी विचारलं, पावसात कोथिंबीर काळी पडते, चार हजार माणसांच्या जेवणात ती चालणार नाही, काय कराल? आणि विचारताना त्यांनी बघितलं दत्तोबांकडे.

दत्तोबा पुढे सरकले. "मी सांगतो ना सायेब. तुम्ही काळजीच सोडा, आपली यार्डात वळख..."

तनुजाने मला काढलं आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलं.

"तात्या, तुम्हाला कोथिंबिरीची जुडी बांधता येते का?"

दत्तोबांनी टेबलावरचे हात खाली घेतले.

"मग थांबा. हे माझं काम आहे."

आणि ती बोलायला लागली. उघड्या हातांनी. बोटांवर सुरीचे व्रण होते, नखांत मेथीचा हिरवा रंग होता. ओली कोथिंबीर आम्ही घेतच नाही, घेतली तर कापडावर पसरून पंख्याखाली किती वेळ ठेवतो, देठ कुठे कापतो, कुठली बाई कुठल्या भाजीत चुकते. ती टेबलावर हातांनी जुडी बांधून दाखवत होती. तिघंही पुढे वाकून बघत होते. मी ज्या खोलीची वर्षानुवर्षं वाट बघितली त्या खोलीत अखेर पोचलो होतो. तिच्या मागे, रिकामा लटकलेला. तिच्या खांद्यावर असायला हवं होतं असं मला फार वाटलं. आणि असतो तर ती असं बोललीच नसती, हेही मला तिथेच कळलं.

परतायला सव्वाचार झाले. शरच्चंद्र शटरपाशीच उभे होते. त्यांनी माझे खिसे तपासले, शिवण तपासली, पद्मजाबाईंना सगळ्या गल्लीदेखत बोलले. मग तनुजाला म्हणाले, माझ्या मुलाचा कोट आहे हा.

"मग मुलाला विचारायचं ना," ती म्हणाली, "त्याला हवाय का."

ती गेल्यावर शरच्चंद्रांनी मला टेबलावर उपडं घातलं, मोठी कात्री आणली आणि माझी पाठ कॉलरपासून खालपर्यंत उभी फाडली. दोन्ही कडांना नाड्या शिवल्या. आता चिमटे नकोत, म्हणाले, कुणालाही बसेल, आणि कुणी बाहेरही नेणार नाही. पद्मजाबाई म्हणाल्या, "अहो, आमोदचा होता." ते म्हणाले, "फोटोत पाठ दिसत नाही." शिवताना त्यांनी दोनदा सुई बोटात टोचून घेतली. मला त्यांची कीव आली नाही. अजून येत नाही.

महिन्याभराने तनुजा अकरा बायका घेऊन आली. काम मिळालं होतं, गेटपाससाठी सगळ्यांचे फोटो हवे होते. शरच्चंद्रांनी सवयीने मला पुढे केलं. ती म्हणाली, नको, साडीवरच काढा. एकेक बाई स्टुलावर बसली. ललिता नावाच्या एकीला हसू आवरेना, तिचा फोटो चारदा काढावा लागला.

जाताना तनुजाने मला उलटं करून बघितलं. बराच वेळ बघितलं. विकत देता का, असं विचारलं. शरच्चंद्र नाही म्हणाले.

मी आहे इथेच. उद्या तुम्हीही याल, नाड्या बांधून घ्याल, हनुवटी खाली कराल. खुशाल करा, तीन मिनिटांचं काम आहे. मला आता बाहेर जाता येणार नाही. पण त्या खोलीत तुम्ही तुमच्या तोंडाने काय सांगितलंत, ते कधीतरी परत येऊन मला सांगा.